‘आज रात्री काय करू?’ : एका प्रश्नाचा इतिहास

राज्यांचे इतिहास लिहिले जातात, लढायांच्या तिथी पाठ होतात. परंतु स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रोज सायंकाळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची इतिहासकाराने सहसा दखल घेतलेली नाही. ‘आज रात्री काय करू?’ असे पत्नीने विचारावे, ‘कर काहीही’ असे पतीने म्हणावे, आणि पान वाढल्यावर त्यानेच ‘आज पुन्हा हेच?’ म्हणून भुवया चढवाव्यात, हा संवाद आपणांस अनादि वाटतो. वस्तुतः तो फारसा जुना नाही.

एकत्र कुटुंबात या प्रश्नास पतिपत्नींमध्ये जागाच नव्हती. कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेस. तांदूळ मापून द्यावयाचे ते तिने. वडीलधाऱ्यांसमक्ष सुनेने नवऱ्याशी बोलणे हाही मर्यादाभंग समजला जाई. उरलेला निर्णय पंचांग करी. एकादशीस उपवास, चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य, श्रावणी सोमवारी सूर्यास्ताच्या सुमारास उपवास सोडावयाचा. पुरुषांची पंगत आधी उठे. बायका मागाहून बसत आणि उरले असेल ते वाढून घेत. ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न सुनेस कोणी विचारीत नसे.

गोमंतकात निर्णयाची सूत्रे पुष्कळशी समुद्राच्या हाती होती. बाजारातून मासळी आणणे हे अनेक घरांत पुरुषाचे काम; पिशवीतून बांगडे निघाले की हुमणाचा निर्णय झालाच. आणलेल्या जिनसेनेच नवऱ्याचे मत कळे, ते शब्दांनी सांगावे लागत नसे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे ‘पुरुमेंत’ कामी येई. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दापासून आलेल्या या नावाने बेगमीची साठवण ओळखली जाते. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलां हे सारे उन्हाळ्यातच भरून ठेवावे लागे. म्हणजे आषाढातील जेवण वैशाखातच बव्हंशी ठरलेले असे.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास आला तो स्वतंत्र बिऱ्हाडात. नोकरीच्या निमित्ताने मुंबई, पुणे, वडोदरे, इंदूर अशा शहरी दोन खोल्यांत संसार थाटलेल्या जोडप्यास प्रथमच कळले की येथे विचारावयास सासू नाही आणि ठरवावयास आपणच आहोत. या एकाकी गृहिणीची सोबत छापील पुस्तकाने केली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध होऊन घरोघरी पोहोचली. वाटी आणि चमचा यांच्या मापाने पदार्थ शिकविणारे हे पुस्तक माहेरापासून दूर गेलेल्या कित्येक मुलींना आईच्या ठिकाणी झाले.

मात्र हे स्वातंत्र्य पूर्ण नव्हते. सासूची जागा पुष्कळदा सरकारने घेतली. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि पानात भात की पोळी हे आवडीपेक्षा दुकानात काय आले यावर ठरू लागले. भातावर वाढलेल्या माणसांनी पोळीची सवय केली ती अशी. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ अन्न सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक घरांत सोमवारी रात्री चूल पेटली नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरीने महाराष्ट्रातील गरिबांच्या घरचा प्रश्न सोडविला. तेथे निवडीस अवसरच नव्हता. तेव्हा ‘काय करू?’ असे विचारता येणे हीच मुळी सुस्थितीची खूण होय, हे विसरून चालणार नाही.

आणि तरीही या प्रश्नात एक गाऱ्हाणे दडलेले आहे. विचारणारीस पाककृती ठाऊक असते, घरात काय शिल्लक आहे तेही ठाऊक असते. तिला हवा असतो तो ठरविण्याच्या कामातील वाटेकरी. त्यावर ‘कर काहीही’ हे उत्तर वरवर उदार दिसले, तरी सारा भार पुन्हा तिच्याच पदरी टाकते. धान्य निवडणे, वाटणे, चूल फुंकणे ही कष्टाची कामे यंत्रांनी पुष्कळ हलकी केली. आता तर तयार जेवण दारापर्यंत येते. परंतु कोणास काय चालते, काल काय झाले, उद्याच्या डब्याला काय, हा हिशेब डोक्यात वागविण्याचे काम अजूनही बहुतेक घरांत एकीकडेच राहिले आहे, मग ती बाहेर नोकरी करीत असो वा नसो.

किल्ल्या सासूकडून सुनेकडे आल्या, हा या इतिहासाचा पहिला टप्पा. विचार करण्याचा भार दोघांत वाटला जाणे हा दुसरा टप्पा ठरेल. नवऱ्याने रोज स्वयंपाक करावा इतका तो लांबचा नाही. आधी ‘तुला काय खावेसे वाटते?’ असे त्याने विचारावे आणि उत्तर ऐकून पिशवी उचलावी, इतकी सुरुवात कोणत्याही घरात आज सायंकाळीच होऊ शकते.