सिटी सर्व्हे नंबरची कुळकथा

जुन्या खरेदीखतात घराची ओळख चतुःसीमेने सांगितलेली असते. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सामाईक भिंत. अमक्याने घर विकलं, बोळ बुजला, की पणजोबांचं घर नेमकं कुठे होतं हे सांगणारं कोणी उरत नाही. ही चतुःसीमा कागदावर कायमची आखून ठेवली ती सिटी सर्व्हेने.

गावाची वाटणी काळी आणि पांढरी अशी. पीक काळीत, वस्ती पांढरीत. कंपनी सरकारला सारा काळीतून मिळणार, म्हणून मोजणीही आधी तिथेच पोचली. 1835-36च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची पद्धत बसवली आणि पुढे शेताशेताला सर्व्हे नंबर मिळाला. शंकुसाखळी 33 फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. पांढरी मात्र नकाशात एकसंध राहिली, नाव गावठाण. आत किती घरं, कोणाची, याचा पत्ता नाही.

घराघराची बारीक मोजणी मुंबईत झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने शहरात कापसाचा पैसा ओतला, जमिनीचे भाव चढले, हातभर जागेलाही मोल आलं. कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात बेट मोजून काढलं. दाट वस्तीसाठी प्रमाण एक इंचाला 40 फूट. म्हणजे 20 फुटी घर कागदावर अर्धा इंच, 10 फुटांचा चौक पाव इंच. माझ्या मते मुंबईच्या इतिहासाचं याहून मोलाचं साधन क्वचितच असेल. कारण 1896मध्ये प्लेग आला, 1898मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुन्या वस्त्या पाडून काढले गेले. तिथली बिऱ्हाडं कुठे राहत होती, ते लॉटनच्या नकाशांवर बोट ठेवून दाखवता येतं.

बाकीच्या शहरांत ही मोजणी सावकाश, टप्प्याटप्प्याने पोचली. आज घरजागेची ओळख म्हणजे मुंबई शहरात सी.एस. नंबर, उपनगरांत आणि इतर गावांत सी.टी.एस. नंबर. 1879च्या जमीन महसूल कायद्याने मोजणी फी भरणाऱ्या धारकाला नकाशासह सनद देण्याची सोय केली. कित्येक घरांत ती सनद जुन्या ट्रंकेत घडी घालून पडलेली असते.

नंबर हाती आला की मिळकत पत्रिका काढता येते. तिच्यात धारक बदलत गेल्याच्या नोंदी एकाखाली एक असतात: वारसाने, खरेदीने, वाटणीने. नवरा वारल्यावर बायकोचं नाव लागतं, मग मुलांची, आणि वाटणी झाली की नंबराला पोटनंबर फुटतो. नकाशावर एका चौकाच्या मधून गेलेली सरळ रेघ दिसली, तर ती भावांची वाटणी असण्याचा संभव मोठा. वंशावळीत फक्त नावं असतात. कोणाच्या वाट्याला पुढची पडवी आली आणि कोणाच्या वाट्याला मागची, ते इथे कळतं.

वाडा पाडून इमारत उभी राहताना शेजारचे नंबर अनेकदा एकत्र केले जातात आणि जुन्या रेघा चालू नकाशातून जातात. म्हणून आपल्या घराच्या मिळकत पत्रिकेचा उतारा आताच काढा. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करताना उताऱ्याबरोबर मूळ मोजणीच्या वेळची चौकशी नोंदवही आणि जुन्या नकाशाची नक्कलही मागा. नक्कल मिळाली की ती घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासमोर पसरा आणि कुठल्या खोलीत कोण राहत होतं, ते पेन्सिलीने तिच्यावर लिहून घ्या.