बाबरचा नान, माझी भाकरी

वीसेक वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी जेद्दाहला होतो. आम्ही राहायचो त्या इमारतीच्या खालीच एका अफगाण नानबाईची भट्टी होती. फजरची नमाज पढून बाहेर पडलो की तंदूरमधून निघालेल्या तमीझचा वास अख्ख्या गल्लीत पसरलेला असायचा. तमीझ म्हणजे परातीएवढा मोठा, गोल, गरम नान. तो फुलसोबत, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांसोबत खायचा. पहिले दोन महिने मी तो चवीने खाल्ला. तिसऱ्या महिन्यात घास फिरायला लागला. मी बीड जिल्ह्यातला माणूस. आमच्या घरी ज्वारीची भाकरी नसेल तर ते जेवण धरलंच जात नाही. मटण असलं तरी अम्मा विचारायची, "रोटी जवार की डालूं ना?"

त्याच दिवसांत एका सहकाऱ्याकडून बाबरनाम्याचं उर्दू भाषांतर वाचायला मिळालं. शाळेतल्या पुस्तकात बाबर म्हणजे १५२६, पानिपत आणि तोफा, एवढंच. इथे भेटला तो वेगळाच माणूस. पानिपतनंतर तो आग्र्याला आला तेव्हा कडक उन्हाळा होता. माणसांना धान्य नाही, घोड्यांना चारा नाही, आणि सरदार म्हणताहेत, परत काबूलला चला. ख्वाजा कलां हा त्याचा जुना सोबती तर खरंच निघून गेला. पुढे बाबरने हिंदुस्थानात काय काय नाही याची यादीच लिहिली आहे. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबूज नाही, बर्फ नाही, थंड पाणी नाही, आणि बाजारात चांगला नान नाही, शिजवलेलं अन्न नाही.

ही यादी पुढे करून बाबरला हिंदुस्थानचा द्वेष होता असं सांगणारे बरेच भेटतात. तेच लोक पुढचा मजकूर वाचत नाहीत. इथलं सोनं-चांदी, पावसाळ्यातली हवा, प्रत्येक कामासाठी मिळणारे असंख्य कारागीर, हेही त्याने लिहिलं आहे. आंब्याबद्दल मात्र तो कंजूषच. चांगला आंबा खरोखर चांगला असतो, पण तसे थोडेच, असं त्याचं म्हणणं. (हापूस त्याच्या वाट्याला आला नाही, त्याला कोण काय करणार.) मला विचाराल तर ती यादी द्वेषाची नाही. खोलीवर बसून आम्ही चौघे जे बोलायचो, तेच ते. इथे भाकरी नाही, ठेचा नाही, पाऊस नाही.

बाजारात नान नव्हता, याचं कारणही समजण्यासारखं आहे. समरकंद, काबूलकडे रोटी विकत घ्यायची वस्तू. नानबाई हा तिथला मोठा धंदा. आपल्याकडे भाकरी-पोळी घरच्या तव्यावर व्हायची आणि परक्याच्या हातचं खाणं पुष्कळांना चालत नसे. दिल्लीच्या सुलतानांच्या दस्तरखानावर रोट्या होत्या. बाबरच्या दोनशे वर्षं आधी इब्न बतूताने त्या पाहिल्या. पण दरबारातली रोटी वेगळी आणि बाजारातली वेगळी.

इथलं जेवण एकदा खाऊन पाहावं असं बाबरला वाटलं, आणि ते त्याच्या जिवावर बेतलं. इब्राहिम लोदीच्या पन्नास-साठ आचाऱ्यांतून त्याने चार जण ठेवून घेतले. पानिपतावर मारल्या गेलेल्या इब्राहिमच्या आईने त्यांच्यातल्या एकाला फितवलं आणि एक तोळा विष पोचवलं. तारीख २१ डिसेंबर १५२६. हंडीतलं अन्न आधी चाखून पाहायचा हुकूम होता, म्हणून हंडीत काही घालता येईना. चाखणाऱ्यांची नजर चुकवून त्याने चिनी मातीच्या ताटात पातळ रोटी अंथरली, तिच्यावर विष भुरभुरलं आणि वर तुपातले पदार्थ ठेवले. बाबरला ओकाऱ्या झाल्या, पण तो वाचला. दोषींना त्याने दिलेल्या शिक्षा इतक्या क्रूर होत्या की त्या इथे लिहायलाही नको वाटतं. मुलगा गमावलेल्या त्या आईचा विचार मात्र माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. बाबरनेही तिला आधी मानाने वागवलं होतं, जहागीर दिली होती.

१५२९ च्या फेब्रुवारीत त्याने काबूलला ख्वाजा कलांना पत्र लिहिलं. दारू सोडून दोन वर्षं झाली होती. तिची ओढ त्याने लपवलेली नाही. पण खरबूज आणि द्राक्षं तर हलाल, त्यांची चव कशी विसरायची, असं तो विचारतो. नुकतंच एक खरबूज आणलं होतं, ते कापून खाताना आपल्याला रडू आलं, हेही सांगतो. त्याच वर्षी त्याने बल्खच्या बागवानाकडून आग्र्याच्या बागेत खरबुजं पिकवून घेतली, आणि ती बघून तो खूश झाला. पुढच्या वर्षी, १५३० च्या डिसेंबरात, तो वारला.

नातवाच्या काळात, ऐन-ए-अकबरीत, दूध-तुपाच्या तंदुरी रोटीशेजारी चपातीचीही नोंद आहे. गरम असताना ती छान लागते असं अबुल फजल म्हणतो. पणतू जहांगीर १६१८ मध्ये गुजरातेत होता. तिथली बाजरीची खिचडी त्याला इतकी आवडली की मांस न खाण्याच्या दिवशी तीच आणायला त्याने सांगितलं. काबूलची फळं त्यालाही लागायची. पण त्याचा जन्म फत्तेपूर सिक्रीचा. बाजरीसाठी त्याला कुणी आग्रह करावा लागला नाही.

तर जेद्दाह. गावाकडचा एक जण उमऱ्याला आला आणि त्याने अम्माने दिलेलं दोन किलो ज्वारीचं पीठ आणलं. पीठ जुनं झालेलं, थापताना भाकरी फाटायची. मग उकळतं पाणी घालून मळलं, आणि फोनवर अम्माला विचारत विचारत सहा भाकऱ्या केल्या. करपल्या, पण झाल्या. एक गरम भाकरी घेऊन मी खाली नानबाईकडे गेलो. तो कुंदूझचा, अकरा वर्षं घरी गेलेला नव्हता. त्याने तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि उरलेली भाकरी अदबीने बाजूला ठेवली. त्याचं मन राखायला मी बाबरच्या खरबुजाची गोष्ट सांगितली. त्याने पुढचा नान तंदूरला चिकटवला आणि मोडक्या उर्दूत विचारलं, "ते खरबूज कुठलं होतं?"

"बाबरने लिहिलेलं नाही."

"कुंदूझचंच असणार," तो म्हणाला. "दुसऱ्या खरबुजासाठी कोण रडतो?"