खेळ सर्वांचा, पाने कर्त्याची

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर भीमपूरचा मुलूख पसरला आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. टिपेश्वरच्या अरण्यातील वाघ ही सीमा मानीत नाहीत, आणि माणसांच्या भाषाही मानीत नाहीत. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही येथे एकाच बाजारात कानी पडतात. अशा एखाद्या गावी एका शिक्षकाने जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापले, त्यांवर पळस, मोह, वाघ आणि नदी यांची चित्रे काढली, आणि मुलांसाठी पत्त्यांचा एक नवा खेळ रचला, अशी क्षणभर कल्पना करावी. खेळ रंगतो. शेजारच्या गावची मुले संच मागू लागतात. त्याच वेळी कर्त्याच्या मनात दोन इच्छा एकदम जाग्या होतात. आपला खेळ चार गावी जावा, ही एक. आणि तो दुसऱ्याने आपल्या नावावर खपवू नये, ही दुसरी. एक इच्छा दार उघडावयास सांगते, दुसरी कुलूप लावावयास सांगते. या दोहोंपैकी कोणती ऐकावी, याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. पूर्वी याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारे निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी आणि रंगचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील नकाशी कलावंत एके काळी गंजिफांची पानेही रंगवीत असत. गंजिफांचा इतिहास हाच या प्रश्नाचा उत्तम साक्षीदार होय.

गंजिफा हा पत्त्यांचा जुना बैठा खेळ. इ. स. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफांचा संच पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. मोगली गंजिफेत आठ रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी ९६ पाने असतात. अकबराच्या काळी बारा रंगांचा खेळही चाले. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती अशी त्यांतील राजांची नावे अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविली आहेत, आणि बादशहाने या पानांत कोणते फेरफार केले तेही लिहून ठेवले आहे. पुढे हा खेळ दरबारातून देवघराच्या ओसरीवर आला. ताज, शमशेर, गुलाम या रंगांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह यांच्यापासून कल्कीपर्यंतचे दहा अवतार आले, आणि १२० पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. तिघांनी बसावे, प्रत्येकी चाळीस पाने वाटून घ्यावी, आणि हुकमाच्या साहाय्यावाचून केवळ स्मरणाच्या बळावर हात जिंकावे, अशी या खेळाची रीत. पाच रंगांत दश्शी थोर आणि एक्का हलका, तर उरलेल्या पाच रंगांत नेमके त्याच्या उलट. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याने प्रारंभ करावा. रात्री मांडला तर हा मान कृष्णाच्या राजाकडे जावा.

इतका विचारपूर्वक बांधलेला हा खेळ. पण रामाला दिवस आणि कृष्णाला रात्र वाटून देणारा तो कल्पक पुरुष, अथवा ती स्त्री, कोण होती? त्या व्यक्तीचे नाव कोणत्याही पानावर नाही. ही अनामिकता अन्यायाची आहे, असे म्हणता येईल. परंतु तिचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. नियमांवर कोणाचीही मालकी नसल्यामुळे प्रत्येक प्रांताने ते उचलले आणि त्यांत आपले चित्र भरले. बंगालमधील बिष्णुपूरच्या चित्रकारांनी दशावतार आपल्या रेषेत रंगविले. ओडिशात राम आणि रावण यांच्या सेना समोरासमोर ठेवणारी रामायणी गंजिफा निघाली. कोकणात सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी लाखेच्या झळाळीची स्वतंत्र धाटणी घडविली. सांगाडा एक आणि रूपे अनेक. नियम कोणी कुलपात ठेवले असते, तर यांतील एकही रूप जन्मास आले नसते.

याच्या उलट उदाहरण म्हैसूरचे आहे. तिसरे कृष्णराज वडियार हे खेळांचे मोठे शोकीन. एकोणिसाव्या शतकात त्यांनी पत्त्यांचे अनेक नवे खेळ स्वतः रचले आणि ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथात त्यांची नोंद करविली. यांतील काही संचांत ३६० पर्यंत पाने होती. कर्त्याचे नाव सुरक्षित राहिले, चित्रे सुरक्षित राहिली, ग्रंथही राहिला. मात्र इतकी पाने रंगवून घेण्याची ऐपत आणि इतके बारकावे ध्यानात ठेवण्याची सवड राजवाड्याबाहेर फारशी कोणाला नव्हती. खेळ दरबारात जन्मले आणि बहुतांशी दरबारातच थांबले. केवळ नोंद करून ठेवल्याने खेळाचे रक्षण होत नाही. तो उचलून नेणारे हात लागतात.

गंजिफांवर खरे संकट आले ते नकलेतून नव्हे, तर यंत्रातून. १८३१ मध्ये लंडनच्या टॉमस दे ला रू याने छापील पत्ते तयार करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्यानंतर इंग्लंड आणि बेल्जियम येथील कारखान्यांतून स्वस्त पत्ते हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागले. बावन्न पानांचा छापील जोड स्वस्तात मिळत असता, १२० पाने हाताने रंगविणाऱ्या कारागिराकडे कोण जाणार? गंजिफेचे एक पान म्हणजे केवढे काम! कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, ते वाळवून घोटावयाचे, गोल कापावयाचे, त्यांवर रंगाची जमीन धरावयाची, मग कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा. गिऱ्हाईक आटले तसे कारागिरांचे मुलगे अन्य व्यवसायांकडे वळले.

सावंतवाडीस हीच अवस्था आली होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही पाने रंगविणारे जुने हात जवळजवळ संपले होते. पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत तेवढे ही विद्या जाणत होते. त्या वेळी संस्थानाचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एक असाधारण गोष्ट केली. त्यांनी या कलेला केवळ आश्रय दिला नाही. ते स्वतः तिचे विद्यार्थी झाले. पुंडलिकांजवळ बसून त्यांनी पान घडविण्याची कृती शिकून घेतली, राजवाड्यातच कार्यशाळा उघडली आणि तरुण मुलामुलींच्या हाती कुंचले दिले. पुढे १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने रुडॉल्फ फॉन लायडेन या मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या कलासमीक्षकाची गंजिफांवरील अभ्यासपूर्ण सूची प्रसिद्ध केली, आणि जगाचे लक्ष या गोल पानांकडे वेधले. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, पुंडलिकांनी आपली कृती गुपित म्हणून जपली असती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. दुसऱ्यास शिकविल्यामुळेच ती त्यांच्या नावासह वाचली.

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. निर्मलच्या खेळण्यांना आणि कलाकामाला ते त्यापूर्वीच मिळालेले आहे. या मानांकनाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १९९९ च्या कायद्यान्वये ते कोणा एकाच्या मालकीचे नसते, तर त्या भूमीतील उत्पादकांच्या समूहाचे असते. ते विकता येत नाही, आणि दर दहा वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. अन्यत्र बनविलेली पाने ‘सावंतवाडी गंजिफा’ म्हणून विकण्यास त्याने प्रतिबंध होतो. पण दशावतारी डाव मांडण्यास कोणालाही, कोठेही प्रतिबंध नाही. कायद्याने नावाला आणि कारागिरीला कवच दिले. खेळ मोकळाच ठेवला.

नव्या खेळाच्या बाबतीतही भारतीय कायद्याची दृष्टी हीच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात ‘खेळ खेळण्याची पद्धती’ ही शोध या संज्ञेतून स्पष्टपणे वगळली आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नव्हे, तर तिच्या आविष्काराला संरक्षण देतो. ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या संबंधातील आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व विशद केले. म्हणून पाने कशी वाटावी, कोणते पान कोणावर मात करील, ही योजना कोणाचीही मिरास होत नाही. मात्र पानावरचे चित्र आणि नियमपत्रिकेतील शब्दरचना ही कर्त्याची असतात. तो हक्क ती कृती निर्माण होताच उत्पन्न होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि कर्त्याच्या पश्चात साठ वर्षे तो टिकतो. नोंदणी केल्यास वादाच्या प्रसंगी ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, एवढेच. विकावयाच्या खेळाचे नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतंत्रपणे नोंदविता येते.

जेथे खेळाच्या योजनेवर पेटंट मिळू शकले, तेथे तरी कर्त्याचे कल्याण झाले काय? अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांची कथा याबाबत बोलकी आहे. जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम लोकांना समजावे म्हणून त्यांनी पटावरील एक खेळ रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो खेळ हस्तलिखित पटांच्या रूपाने घरोघर पसरला, बदलत गेला, आणि अखेरीस दुसऱ्याच एका गृहस्थाच्या नावाने ‘मोनॉपोली’ म्हणून बाजारात आला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगी यांचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले. पेटंटाचा कागद त्यांच्या हाती होता, पण खेळाशी जोडलेले त्यांचे नाव लोकांच्या तोंडी नव्हते. १९७० च्या दशकात दुसऱ्याच एका खटल्याच्या निमित्ताने जुने पुरावे उकरले गेले, तेव्हा त्यांचे श्रेय हळूहळू प्रकाशात आले. त्या वेळी त्या हयात नव्हत्या.

या सर्व वृत्तान्तांतून एक भेद स्पष्ट होतो. जी वस्तू पानांच्या रूपाने हाती धरता येते तिचे रक्षण कायदा करतो. जी केवळ डावातच जिवंत असते तिचे रक्षण खेळणारेच करू शकतात. सावंतवाडीचे संच आज पुष्कळदा भेटवस्तू म्हणून जातात आणि काचेच्या कपाटात विराजमान होतात. त्यांवर डाव मांडणारे मात्र थोडे. पाने वाचली, ही मोठीच गोष्ट झाली. खेळ वाचविण्याचे कार्य अद्याप शिल्लक आहे, आणि ते कोणत्याही मानांकनाने होणारे नाही. त्यासाठी नियम सोप्या भाषेत छापून, प्रत्येक संचासोबत घरोघर पोहोचविले पाहिजेत.

भीमपूरच्या त्या कल्पित शिक्षकालाही हेच सांगता येईल. त्याने आपली चित्रे स्वतः काढावी, दुसऱ्याची उचलू नयेत. नियम मराठीत आणि तेलुगूत स्वच्छ लिहून काढावे, खाली नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि पहिल्या मसुद्याची प्रत जपून ठेवावी. नियमांची पुस्तिका छापलीच, तर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे तिची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे धाडावी. म्हणजे कर्त्याचे नाव आणि वर्ष सरकारी दप्तरात आपोआप राहील. एवढे केल्यावर त्याने निःशंकपणे संच वाटावे. शेजारच्या गावी कोणी वाघाच्या जागी बिबट्या काढील, कोणी एखादा नियम बदलील. त्याने खिन्न होऊ नये. मत्स्यकूर्मांचा खेळ निर्मलच्या नकाशांकडून, बिष्णुपूरच्या आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांकडून असाच घडत गेला. फरक इतकाच की, त्या खेळाच्या पहिल्या पानावर कोणी नाव लिहिले नाही. या खेळाच्या पहिल्या पानावर ते लिहिलेले असावे.