मुक्तीची मंडळी



'मंडळी' हा शब्द आपण रोज वापरतो. 'काय मंडळी, जेवणं झाली का?' असं विचारतो. जुन्या घरांत बायकोचं नाव न घेता नवरा 'आमची मंडळी' म्हणायचा. ख्रिस्ती मराठीत मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. एका विश्वासाने बांधलेले, एकत्र जमून उपासना करणारे लोक म्हणजे मंडळी. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे, ती मंडळी जवळजवळ सगळी बायकांची होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला उभी केलेली, मुक्ती मिशनची मंडळी.

केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. तिथली गोष्ट आर्वीत बसून का सांगायची? सांगते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मुली शोधायला आल्या त्या 'मध्य प्रांतात', आणि आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. आर्वीचा कारभारही नागपूरकडूनच चालायचा. म्हणजे मुक्तीच्या पहिल्या लेकी आपल्या प्रांतातल्या होत्या. त्यांनी काय मानलं आणि मानलं म्हणून काय केलं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून उडुपीच्या पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला होता. पुढे आईने लेकीला शिकवलं. कुटुंब तीर्थांतून पुराण सांगत फिरायचं. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज वाटते. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईला न्यायला चार ब्राह्मण मिळेनात. दोघे कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घेतला. पुढे भावाबहिणीने पायी देश पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही, म्हणून वाळूत खड्डा करून त्यात निजले, अंगावर वाळूच ओढली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. दुष्काळात मुलीचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

कलकत्त्याला 1878 साली त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. त्यानंतरची वर्षं फार वेगाने गेली. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न झालं. मनोरमा जन्मली. 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं, आणि 1883 मध्ये दीड-दोन वर्षांच्या लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींचा आश्रम होता. त्यांनी रमाबाईंना लंडनजवळ फुलहॅमला आपलं एक घर दाखवलं. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांचं. आश्रमातल्या बाया त्यांच्याशी मायेने वागत होत्या. रमाबाई चकित झाल्या. अठरा हजार श्लोकांचं भागवत मुखोद्गत असलेली ही बाई, पण अशा बायकांवर दया करावी असं कोणत्या शास्त्रात तिने वाचलेलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं तिने विचारलं. उत्तरादाखल तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाण्याला येते. पाच नवरे होऊन गेलेली, आता राहते तो सहावा, तोही नवरा नाही. जातही अशी की यहुदी माणूस तिच्या हातचं पाणी पिणार नाही. आणि येशू, जो यहुदी आहे, तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. आणि तीच बाई गावात जाऊन इतरांना बोलावून आणते. विहीर, पाणी, कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे महाराष्ट्रातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मुक्तीच्या मंडळीचा सगळा विश्वास या गोष्टीत आहे असं मला वाटतं. देव टाकलेल्या बाईशी आधी बोलतो, आणि जिच्याशी तो बोलला ती दुसऱ्यांना बोलवायला जाते. पहिला भाग झाला श्रद्धा, दुसरा सेवाकार्य.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. महात्मा फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे पाद्री सांगतील ते मानलं, असं अजिबात झालं नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, पंथाची बंधनं, यांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाकडा वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत मान अडकवायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. बायकांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या संतापल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यालाही त्यांचा आक्षेप. जी भाषा मला आणि माझ्या देशातल्या बायकांना कळत नाही ती का मिरवायची? लिहायचंच तर संस्कृतात लिहा. ही क्रुसाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत पैसा उभारून त्या परतल्या आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला जे सोवळंओवळं पाळायचं ते पाळू द्यायचं, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये याचा स्फोट झाला. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्यांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावलं नाही, पण माझं दार मी लावून घेणार नाही. पालकांची भीतीही खोटी म्हणता येत नाही. ज्या बाईने आयुष्य सावरलं तिच्या श्रद्धेकडे मुलगी ओढली जाणारच.

मग आला 1896 चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत फिरल्या. तिथे त्यांनी जे पाहिलं ते उपासमारीपेक्षाही वाईट होतं. एकट्या पोरींना खाण्याचं आमिष दाखवून पळवणारे, विकणारे, अगदी छावण्यांवर देखरेख ठेवणारेसुद्धा त्यांच्यावर टपलेले. त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. नागपूरपर्यंतची रेल्वे 1867 पासून होतीच. पण पुण्यात प्लेग सुरू झाला होता आणि एवढा जमाव शहरात ठेवायची परवानगी नव्हती. केडगावला फळबागेसाठी घेतलेलं सुमारे 100 एकर माळरान होतं. मुली तिथे गेल्या. आधी तंबू, मग छपरं, मग विहिरी. 1898 मध्ये त्या जागेला 'मुक्ती' हे नाव पडलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

शारदा सदनाची बंधनं इथे नव्हती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. पण कोणत्या पंथाची? रमाबाईंनी कोणत्याच पंथाची पाटी लावली नाही. मानायचं ते थोडक्यात असं: देव एक, येशू तारणारा, तारण पुण्याने किंवा जातीने कमवायचं नसतं, ते विश्वासाने फुकट मिळतं, आणि बायबल प्रत्येकीने स्वतः वाचायचं. उपासना जमिनीवर बसून, मराठी भजनं म्हणत. पैशासाठी दारोदार जायचं नाही, गरज प्रार्थनेत मांडायची, अशी त्यांची रीत होती. आता प्रार्थनेने दोन हजार माणसांचं जेवण होतं का, असं कुणी विचारेल. देणग्या येत होत्या हे खरं, पण मुक्तीत कुणी बसून खात नव्हतं. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, शिवण, छापखाना, सगळीकडे बायकाच. वेगवेगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला. फुलहॅमला पाहिलेलं घर इथे 'कृपा सदन' झालं. आंधळ्या मुलींसाठी 'बार्तिमी सदन' निघालं आणि त्यांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली.

इथे एक प्रश्न आपण टाळू नये. भुकेल्या अनाथ पोरीने अन्न देणाऱ्या बाईचा धर्म घेतला, तर ती निवड किती मोकळी? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढं सांगता येतं की मुलीच्या हाती त्यांनी अक्षरं दिली, जेणेकरून ती ज्यावर विश्वास ठेवते ते तिला तपासता यावं. आणि ज्यांनी धर्म बुडाला म्हणून ओरड केली, त्यांच्यातले किती जण मध्य प्रांतातल्या त्या छावण्यांत गेले होते, हाही प्रश्नच आहे.

आपल्या आर्वीचा पाया घातला असं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या तेलंगरावांना हिंदू म्हणतात ब्राह्मण, मुसलमान म्हणतात मुसलमान. जुन्या गॅझेटियरात तसं नोंदलेलं आहे, आणि त्यांच्या स्थानावर दोघंही माथा टेकतात असंही. रमाबाईंचं नशीब उलटं. हिंदूंनी त्यांना परकं ठरवलं, आणि चर्चच्या वरिष्ठांनाही ही वाद घालणारी बाई कधी पूर्ण आपली वाटली नाही.

सरकारलाही वाटली नाही. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी 'बाँबे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पत्र छापलं. सदनातली एक मुलगी तिथे पाठवलेली, ती नाहीशी झाली होती. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरांनी ते पत्र खोटं ठरवलं. रमाबाई मागे हटल्या नाहीत. ख्रिस्ती झाली म्हणजे साहेबाची झाली, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

1905 च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं. 70 जणी पुढे आल्या, मग वाढत वाढत शेकडो झाल्या. जूनच्या शेवटी सगळ्या मुक्तीत जणू वारं संचारलं. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, तासन्‌तास उठत नसत. काही मिशनरी घाबरले, हे ख्रिस्ती वागणं नव्हे म्हणाले. भक्तीत रडणं आणि नाचणं वारकऱ्यांच्या मुलखात कुणाला नवं आहे? रमाबाईंनी मुलींना अडवलं नाही. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी यावर 1906 मध्ये पुस्तिका लिहिली आणि दक्षिण अमेरिकेत चिली देशात राहणाऱ्या मैत्रिणीला पाठवली. ती वाचून तिथल्या मंडळीतही प्रार्थना सुरू झाली आणि 1909 मध्ये तिथे तसंच जागरण झालं. चिलीतल्या लाखो ख्रिस्ती लोकांच्या पंथांचा इतिहास सांगताना आजही केडगावचं नाव घ्यावं लागतं. एरवी मिशनरी तिकडून इकडे येतात असंच आपण शिकलो आहोत.

आणि आता तो लॅटिन अक्षरांचा क्रूस. मराठी बायबल तेव्हा होतं, पण त्याची भाषा रमाबाईंना जड, संस्कृताळलेली वाटे. नुकती अक्षरं शिकलेल्या खेड्यातल्या बाईला ते कळेना. मग या संस्कृत पंडितेने उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकून मूळातून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. पंधरा-अठरा वर्षं ते चाललं. त्यांची मराठी नेहमीच गोड उतरली असं नाही. मूळ शब्द सोडायचा नाही या हट्टापायी वाक्यं कुठेकुठे अडखळतात. कारभार बराचसा मनोरमाबाई पाहत. गुलबर्ग्याला मुलींची शाळाही त्यांनी काढली. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. आई कामाला बसलेलीच होती. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली होती, असं सांगतात.

संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती मुक्तीच्या बायकांनी, त्यांच्याच छापखान्यात. त्यांतल्या कित्येक जणी कधीकाळी दुष्काळात हाडांचा सापळा होऊन, एक अक्षर न येता, केडगावला उतरल्या होत्या.