वळिवड्याचे पाहुणे

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलंडच्या माणसांनी १९९८ मध्ये उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे. सकाळी फिरायला येणारे त्याच्या बाजूने जातात, मुलं त्याच्याभोवती खेळतात. भाईंदरहून कोल्हापूरला गेले की मी त्या स्तंभापाशी आवर्जून थांबते, कारण तो ज्या काळाबद्दल आहे त्या काळात माझ्या आईची आत्या दहा वर्षांची होती आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहत होती. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो.

गाव सोडून आलेल्यांची स्मारकं जगात पुष्कळ बागांमध्ये आहेत. न्यूयॉर्कला हडसन नदीच्या काठी, बॅटरी पार्क सिटीत, आयर्लंडच्या दुष्काळाचं स्मारक २००२ मध्ये खुलं झालं. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि लाखो आयरिश माणसं बोटींत बसून अमेरिकेला गेली. त्यांची आठवण म्हणून मेयो परगण्यातलं एक पडकं दगडी घर समुद्रापार आणून तिथे पुन्हा रचलं आहे. पण आयरिश माणसं त्या शहरात राहिली, वाढली, त्या शहराची झाली. कोल्हापूरचा स्तंभ उभा केला तो निघून गेलेल्यांनी. पाचसहा वर्षं राहून गेलेल्या माणसांना पन्नास वर्षांनंतर परत येऊन आभार मानावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आक्काचा मुलगा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागला आणि त्याच्यामागोमाग तीही इथे आली. भाईंदर पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत दुपारी भाजी निवडताना ती बोलायला लागली की पंचगंगेचा काठ समोर यायचा. तिचे वडील वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात दूध घालायचे. कासंडी घेऊन बापाबरोबर तीही जायची. "अगं, गोरी माणसं म्हंजे सायेब, एवढंच आमाला ठावं," ती म्हणायची. "ही गोरी असून गरीब. पायात धड चप्पल न्हाई, डोळं खोल गेल्यालं. बाप म्हणाला, ह्येंच्या मापात पानी घालायचं न्हाई."

ती माणसं कुठून आली होती हे आक्काला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. मी वाचून तिला सांगितलं. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी पोलंडवर चालून गेला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं रात्री दार ठोठावून उठवली गेली, मालगाड्यांत भरली गेली आणि सायबेरिया, कझाकस्तानकडे रवाना झाली. तिथे लाकूडतोड, उपासमार, ताप. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज पडली. लंडनला आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातल्या पुरुषांची फौज बांधली. १९४२ मध्ये लाखाहून अधिक माणसं, बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून, इराणात उतरली. सैनिक पुढे लढायला गेले. इटलीत मॉन्टे कॅसिनोचा डोंगर १९४४ मध्ये त्यांनीच सर केला. मागे राहिल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. त्यांना कोण घेणार?

जामनगरच्या महाराजा दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांना जवळ केलं, ती कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वळिवड्याची वस्ती तिच्याहून कितीतरी मोठी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली. तरी महाराष्ट्रात आपण तिच्याबद्दल फार कमी बोललो, याची मला खंत वाटते. कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर दत्तक बालराजे होते. अशा वेळी रेल्वेच्या रुळांजवळ, कोल्हापूरपासून थोड्याच अंतरावर, निरोगी हवेत या वस्तीसाठी जागा ठरली. खर्च लंडनचं पोलिश सरकार सोसत होतं. मुंबईतल्या पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी या निर्वासितांसाठी खूप धडपड केली. किराबाई पुढे भारतातच, हैदराबादला राहिल्या.

बराकींच्या लांबच लांब रांगा, मधे चटयांचे पडदे, प्रत्येक कुटुंबाला थोडी जागा. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटांची पथकं, सगळं त्यांनी उभं केलं. आक्काला मात्र आठवायची ती फुलं. "खायला मिळायच्या आदी बायांनी दारापुढं फुलझाडं लावली. आमची आय म्हणायची, येड्या हैत का काय! मग तीच एकीकडनं बी मागून आली." पोरं पंचगंगेत पोहायची, बाजारात आली की मराठीत भाव करायची. आक्काची एक मैत्रीण होती, तिच्याएवढीच. तिचं नाव आक्काला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून ती तिला सोनी म्हणायची, केसांच्या रंगावरून. सोनी आक्काच्या घरी चुलीपुढे बसून भाकरी खायची आणि तिला सगळ्यात आवडायचा गूळ. सोनीचा धाकटा भाऊ इराणच्या वाटेवर वारला होता. हे सोनीने कोणत्या भाषेत सांगितलं असेल, आणि आक्काला ते कसं कळलं असेल?

मग लढाई संपली, आणि खरी फसगत तिथेच होती. १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहणार हे ठरलं. त्याच वर्षी इंग्लंडने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांच्या बाजूने या बायकांचे नवरे लढले, त्यांनीच त्यांची घरं नकाशाच्या पलीकडे जाऊ दिली. १९४८ पर्यंत वळिवडं रिकामं झालं. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले; पोलंडला परतणारे थोडे. काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्नं केली, आणि त्यांतली एक जन्मभर कोल्हापूरचीच झाली. काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबं तिथे आली आणि वळिवड्याच्या कॅम्पाचं गांधीनगर झालं. आज दक्षिण महाराष्ट्रातले कापड दुकानदार तिथे ठोक खरेदीला जातात. एकाच छपराखाली लागोपाठ दोन देशांतली घर गमावलेली माणसं राहिली. एक फाळणी युरोपात झाली, दुसरी आपल्याकडे. मला त्या जागेइतकी विसाव्या शतकाची कहाणी सांगणारी दुसरी जागा महाराष्ट्रात दिसत नाही.

वॉर्सामध्येही आता कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळ. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्यात नवा स्तंभ उभा राहिला, तेव्हा कॅम्पात लहानपण गेलेले काही वृद्ध पोलिश पाहुणे आले होते. आक्का तेव्हा भाईंदरला अंथरुणालाच खिळलेली. बातमी लावून दिली तर ती उठून बसली आणि पडद्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईकडे निरखून बघत राहिली.

"त्येंची घरं परत मिळाली का गं?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. सोव्हिएत संघ मोडला तरी ती गावं पोलंडला परत गेली नाहीत. आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया या देशांत आहेत. लहानपणीचं घर बघायचं म्हटलं तरी त्यांना परक्या देशात जावं लागतं.

"म्हणून आल्या हिकडं," आक्का म्हणाली, आणि सोनीला गूळ पाठवता येईल का, असं विचारलं.