रोजचं टेन्शन : काळजीला वेळ ठरवून द्या

उसाचं बिल अडकलंय, मुलांची फी भरायचीय, घरात आजारपण. टेन्शन कुणाला नाही? काळजी हा आजार नव्हे. पण रात्री तेच विचार फिरू लागले, की झोप उडते, छाती धडधडते, पोट बिघडतं. ‘काळजी करू नको’ म्हटल्याने ती थांबत नाही. त्यापेक्षा तिला वेळ ठरवून द्यावी. संध्याकाळी 15-20 मिनिटं वही घेऊन बसायचं. हातातलं काय, हाताबाहेरचं काय, ते वेगळं लिहायचं. हातातल्या गोष्टीपुढे उद्याचं एक काम : कारखान्यात चौकशी, बँकेत अर्ज. इतर वेळी विचार आला तर तो त्या वेळेवर ढकलायचा. पहिल्या आठवड्यात जमेलच असं नाही. झोपेसाठी ‘थोडी घेणे’ मात्र नको. दारूने झोप मोडते.

छातीत दुखलं तर टेन्शन समजून घरी बसू नये, आधी दवाखाना गाठावा. झोप, काम दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर 14416 वर फोन करावा. जगणं नको वाटलं तर लगेच. केंद्राची ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आणि चोवीस तास. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. मनातलं कानडीत सांगताना अडखळणाऱ्यांना हे मोलाचं. प्रत्यक्ष दाखवायचं तर बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स जवळ पडते.