0.2 टक्के आणि न विचारलेला प्रश्न

आज जरा अवघड विषय घेतलाय. पुरुष मंडळींनीही वाचावा, घरात आई-बहीण-बायको आहेच.

खोकला आला, शिंक आली, जोरात हसलं, पाण्याची कळशी उचलली, की लघवीचे थेंब गळतात. डॉक्टर याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. यातला स्ट्रेस म्हणजे मनाचा ताण नव्हे. पोटावर दाब आला की खालचे स्नायू आणि त्यांचा आधार तो पेलू शकत नाहीत, एवढंच. आपल्याकडे बायका हे एकमेकींनाही सांगत नाहीत. फार तर सासूबाई म्हणतात, "बाळंतपणानंतर व्हायचंच."

हे किती जणींना होतं? या प्रश्नाचा इतिहास मला फार बोलका वाटतो.

1980 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी छापून आली. संशोधकांनी आधी लंडनच्या दोन बरोंमधल्या आरोग्य आणि समाजसेवा यंत्रणांना विचारलं, लघवीवर ताबा नसलेल्या किती बायका तुम्हाला माहीत आहेत? 15 ते 64 वयात उत्तर आलं 0.2 टक्के. म्हणजे हजारात दोन. मग त्यांनी डॉक्टरांच्या यादीतल्या 22 हजारांवर लोकांना टपालाने थेट विचारलं. त्याच वयाच्या बायकांमध्ये आकडा निघाला 8.5 टक्के! यात सगळ्या प्रकारची गळती आली, फक्त स्ट्रेसची नाही. पण चाळीसपट फरक आजाराने पडलेला नाही, तो विचारण्याने पडलाय.

पुढे 1995 ते 97 मध्ये नॉर्वेच्या एका जिल्ह्यात आरोग्य पाहणीत हाच विषय घेतला. 20 वर्षांवरच्या सुमारे 28 हजार बायकांनी उत्तरं दिली. चौघींत एकीला गळती होती आणि त्यातल्या निम्म्या निव्वळ स्ट्रेस प्रकारच्या. (प्रश्न कसा विचारला त्यावर आकडा हलतो, म्हणून लंडन आणि नॉर्वे शेजारी ठेवून वाद घालू नये.)

आता सासूबाईंचं वाक्य. ते अर्धं खरं आहे. त्याच नॉर्वेच्या माहितीवरून 2003 साली निघालेला हिशेब असा: मूल न झालेल्यांत 10 टक्के, सिझेरियन झालेल्यांत 16, नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांत 21. बाळंतपणाने दुप्पट होतं हे खरंच. पण ज्यांना मूलच नाही त्यांच्यातही दहात एक आहेच ना? अमेरिकेत 2002 मध्ये मूल न झालेल्या ख्रिस्ती जोगिणींची पाहणी झाली, सरासरी वय 68. निम्म्या जणींना कुठल्या ना कुठल्या प्रकारची गळती होती. वय, वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, सगळं यात येतं.

आणि मला राग येतो तो इथे. उपाय 1948 पासून छापलेला आहे. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी खालच्या स्नायूंचा व्यायाम मांडला आणि ते किती जोर लावतात हे काट्यावर दिसेल असं यंत्रही बनवलं. आज यंत्राशिवायही चालतं: वारा अडवतो तसं आत-वर आवळायचं, सोडायचं, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. चालू लघवी मध्येच थांबवून सराव करू नका. नीट जमतंय का हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. सगळ्यांचं पूर्ण थांबतं असं नाही, पण बऱ्याच जणींचं ऑपरेशनवाचून भागतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की पुढच्या 42 दिवसांत आशाताईंच्या सहा फेऱ्या घरी ठरलेल्या असतात. शेवटच्या फेरीत "खोकताना लघवी गळते का गं?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागेल. सासूबाई समोर नसताना विचारलेलं बरं. इथे आशाताई, नर्सताई वाचत असतील तर कमेंटमध्ये सांगा, तुम्ही कधी विचारून पाहिलंय का, आणि काय उत्तर आलं?